पोर्टल काढण्याआधी वस्तूची नोंद नीट करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातले चित्रकार, विणकर, मूर्तिकार आणि त्यांचे गिऱ्हाईक यांना एकत्र आणणारा ऑनलाइन मंच हवा, हा विषय आपल्याकडे अधूनमधून निघतो. निघाला की बैठक होते, लोगो ठरतो, पहिल्या पानावर अजिंठ्याचा पद्मपाणी चढतो. वर्षभराने त्या पानावर कधीच विकून गेलेल्या साड्यांचे फोटो तेवढे उरतात. खापर मग कलावंतांच्या माथी फुटते: ‘यांना मोबाइल कळत नाही.’ खरी अडचण वेगळी आहे. किराणा विकायला बनवलेले सॉफ्टवेअर आणून त्यात कलावस्तू भरल्या जातात. साबणाच्या वडीचे पाचशे नग असतात, चित्राचा नग एक. मंचाची सगळी रचना या फरकापासून सुरू व्हायला हवी.

नग एकच असला की पहिला घोटाळा होतो तो दुहेरी विक्रीचा. चित्र मंचावर आहे आणि घरच्या भिंतीवरही आहे. रविवारी पाहुणे येतात, रोख देऊन चित्र घेऊन जातात, मंचावर कळवायचे राहते. सोमवारी पुण्याहून कोणी त्याचेच पैसे भरतो. पैसे परत होतात, पण तो माणूस परत येत नाही. म्हणून वस्तूला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढ्या दोनच अवस्था पुरत नाहीत. उपलब्ध, विचारणा सुरू, राखीव, विकले आणि ‘प्रदर्शनात बाहेर’ अशा पाच तरी हव्यात. पाच हजारांच्या वरच्या वस्तूला थेट ‘विकत घ्या’चे बटण ठेवूच नये. तिथे ‘आहे का विचारा’ असे बटण असावे. कलावंताच्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न जावा, त्याने ‘आहे’ दाबले की वस्तू चोवीस तास त्या गिऱ्हाइकाच्या नावे राखीव राहावी आणि तेव्हाच पैसे भरायची लिंक उघडावी. पणत्या, भेटकार्डे, छोटे बटवे अशा पुन्हा करता येणाऱ्या वस्तूंना हा सोपस्कार नको. तिथे पैसे भरताना पंधरा मिनिटांची राखण पुरते. यूपीआयवर कधी कधी पैसे खात्यातून जातात आणि व्यवहार ‘प्रलंबित’ दिसतो. अशा वेळी राखणीची मुदत संपली म्हणून वस्तू मोकळी करू नये. बँकेकडून हो किंवा नाही येईपर्यंत ती राखीवच ठेवावी, नाहीतर एका चित्राचे दोन मालक तयार होतात.

दर तीस दिवसांनी प्रत्येक वस्तूबद्दल ‘अजून आहे का?’ हा एकच प्रश्न कलावंताला आपोआप जावा. दोनदा उत्तर आले नाही तर वस्तू पानावरून झाकावी, पुसू नये. जुनी नोंद पुढे कामाला येते.

आता नोंदीकडे. वस्तूचे नाव, किंमत आणि फोटो एवढ्यावर भागत नाही. कोणत्या कलेला काय विचारायचे हे वेगवेगळे असते, आणि इथे जाणकार माणूस लागतो, प्रोग्रामर नाही. पैठणीचे उदाहरण घ्या. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मोर, कुयरी, वेलबुट्टी मागूनही तितकीच स्वच्छ दिसते. रंगारंगाचे धागे एकमेकांत अडकवून नक्षी विणलेली असते, त्यामुळे मागे लोंबते धागे नसतात. यंत्रमागावरच्या किंवा जॅकार्डच्या (नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या जोडणीच्या) साडीच्या पाठीवर धाग्यांचे तरंग दिसतात, किंवा ते कापल्याच्या खुणा. म्हणजे पैठणीच्या नोंदीत पदराच्या उलट्या बाजूचा जवळून घेतलेला फोटो सक्तीचा हवा. तो नसेल तर नोंद पुढे सरकूच नये. हाच नियम जसाच्या तसा संभाजीनगरच्या हिमरू कापडाला लावला तर मात्र गोंधळ होईल. हिमरूत जादा बाण्याचे (आडवे) धागे नक्षीपुरते वर येतात आणि बाकी मागे सुटे राहतात. तिथे उलट्या बाजूला धागे दिसणे हा दोष नाही, विणीची रीतच आहे. दोन्ही कापडांना ‘वस्त्र’ या एका रकान्यात कोंबले की तपासणाऱ्याने कुठे बघायचे तेच कळत नाही. यंत्रमागाची साडी मंचावर येऊ नये असे आमचे म्हणणे नाही. यावी, पण ‘यंत्रमाग’ असे लिहून यावी.

साडीवरच्या चिन्हांचेही तेच. सिल्क मार्क सांगतो की रेशीम शुद्ध आहे. हँडलूम मार्क सांगतो की कापड हातमागावरचे आहे. भौगोलिक मानांकन वस्तूचे नाते प्रदेशाशी जोडते. तिन्ही तीन गोष्टी सांगतात, आणि साडीतली जर (सोनेरी-रुपेरी तार) खऱ्या चांदीची आहे की साधी, हे तिन्हींपैकी एकही सांगत नाही. गिऱ्हाईक मात्र एखादा शिक्का दिसला की सगळेच खरे धरते. म्हणून ‘प्रमाणित’ असा एकच हिरवा टिळा वस्तूला लावू नये. प्रत्येक चिन्हाचा रकाना वेगळा, त्याचा क्रमांक वेगळा आणि जरीचा प्रकार विणकराने स्वतः लिहिलेला असावा.

चित्राच्या नोंदीत लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये (फ्रेमसह आणि फ्रेमशिवाय), माध्यम, कशावर काढले, साल, सही कुठे आहे, आणि चित्र मूळ आहे, प्रतिकृती आहे की छापील प्रत, हे सगळे हवे. अजिंठ्याच्या चित्रांच्या हाताने केलेल्या प्रतिकृती आपल्याकडे पुष्कळ विकल्या जातात. तो प्रामाणिक धंदा आहे, फक्त नोंदीत तसे लिहिलेले असावे. कॅनव्हासवर छापून वर चार ब्रशचे फटकारे मारलेले चित्र ओळखायला एक सोपी युक्ती आहे. कडेने उजेड पाडून कोपऱ्याचा जवळून फोटो मागायचा. रंगाचा थर असेल तर त्याच्या उंचसखल सावल्या दिसतात. छपाई सपाट दिसते आणि त्यावर वरून दिलेले फटकारे तेवढे उठून येतात. सोबत कॅनव्हासच्या पाठीचा एक फोटो घ्यावा.

फोटोंबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण परत येणाऱ्या वस्तूंत ‘फोटोत रंग वेगळा दिसत होता’ ही तक्रार हमखास असते. फ्लॅश बंद. सकाळी नऊ ते अकरा, ओसरीत किंवा उत्तरेकडच्या खिडकीपाशी, थेट ऊन न पडणाऱ्या उजेडात फोटो घ्यावा. घरात ट्यूबलाइट आणि बाहेरून ऊन असा मिश्र उजेड असला की पांढरा रंग एका बाजूला पिवळा आणि दुसऱ्या बाजूला निळा होतो, मग कितीही सुधारा, जुळत नाही. मोबाइल चित्राच्या मध्यावर, चित्राला समांतर धरावा. अगदी जवळून घेतला की चौकट पिंपासारखी फुगते, म्हणून दोन मीटर मागे सरकून दुप्पट झूमवर घ्यावा. एका फोटोत चित्राशेजारी साधा कोरा पांढरा कागद ठेवावा. तो कागद पडद्यावर पांढरा दिसेपर्यंत रंग जुळवले की बाकीचे रंग जवळपास जागेवर येतात. धूपछाव साडीला एक फोटो पुरत नाही, कारण ताणा (उभा धागा) एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. दोन कोनांतून दोन फोटो आणि पदर हलवून दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्यावा. हे सगळे करून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर मेहनत पाण्यात जाते, तो दाबून लहान होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. मंचाने मूळ फोटो जपून ठेवावा आणि पानावर लांब बाजू सोळाशे पिक्सेलची, दोन-तीनशे केबीची प्रत दाखवावी. खेड्यातल्या नेटवर्कवर दहा एमबीचा फोटो उघडेपर्यंत माणूस दुसरीकडे गेलेला असतो.

शोधण्याच्या खिडकीत मराठीचे आपले म्हणून काही त्रास आहेत. मूर्ती, मूर्ति, मुर्ती; हिमरू, हिमरु, हिम्रू; घोंगडी, घोंगडं. ऱ्हस्व-दीर्घ चुकले म्हणून वस्तूच सापडू नये, हे चालणार नाही. शिवाय इंग्रजी अक्षरांत पैठणी लिहिणारे चार जण चार स्पेलिंगे करतात. सगळ्यात छुपा त्रास ‘डोंगरदऱ्या’ या शब्दातल्या जोडाक्षराचा आहे. तो ‘ऱ्य’ संगणकावर दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. चित्रकाराने एका कीबोर्डवर नाव लिहिले आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्यावर शोधले की उत्तर येते, ‘काही सापडले नाही’. नोंद साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा असे शब्द एकाच रूपात आणून घेणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण ते सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. गावांच्या नावांचेही तसेच. कोणी औरंगाबाद हिमरू शोधतो, कोणी संभाजीनगर हिमरू. कोणी धाराशिव लिहितो, कोणी उस्मानाबाद. पत्त्यात अधिकृत नाव ठेवावे, शोधात दोन्ही नावे चालावीत. नावांचा वाद मिटवायची जबाबदारी शोधयंत्रावर नको.

आता पाठवणी. कुरिअरवाले बहुतेक वेळा वजनावर नाही, तर आकारावर पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात, आणि ते खऱ्या वजनापेक्षा जास्त आले तर तेच धरतात. साठ बाय नव्वदचे चौकटीवर ताणलेले चित्र बांधून सत्तर बाय शंभर बाय दहा झाले, तर हिशेब येतो १४ किलोचा. काट्यावर ते चार किलोही भरत नाही. तेच चित्र चौकटीवरून उतरवून पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या, सत्तर सेंटिमीटर लांबीच्या नळीत घातले तर सव्वातीन किलोच्या आत बसते. म्हणून पाठवणीचा खर्च मंचाने मापांवरून स्वतः काढून दाखवावा. कलावंताने अंदाजाने ‘दोनशे रुपये’ लिहिले की फरक त्याच्याच खिशातून जातो.

गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवावी. आत ठेवली की थर दबून उलगडताना चिरा पडायची भीती असते. सुरीने जाड थर दिलेले चित्र गुंडाळूच नये, आणि तैलरंगाचे चित्र काही महिने पुरते वाळू द्यावे. ॲक्रिलिक लवकर वाळते, त्यामुळे लोक निर्धास्त असतात. पण परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि बंद टेम्पोच्या पत्र्याखाली त्याहून जास्त. त्या उष्णतेत ॲक्रिलिक मऊ पडते आणि त्यावर थेट बबल रॅप टेकवलेले असेल तर फुग्यांचे गोल ठसे चित्रावर कायमचे उठतात. आधी गुळगुळीत बटर पेपर, त्यावर बबल रॅप, तोही फुगे बाहेर करून, हा क्रम मोडू नये. काचेची फ्रेम शक्यतो पाठवू नये. फ्रेम गिऱ्हाइकाने त्याच्या गावी करून घेतलेली परवडते. मातीच्या वस्तूला खोक्यात खोके हवे, दोन्हींच्या मध्ये चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर भराव. पॅक करण्यापूर्वी वस्तूचा चारी बाजूंनी आणि पॅक झाल्यावर पार्सलचा फोटो नोंदीला जोडला, तर तुटण्याच्या वादात निम्मे भांडण तिथेच संपते. निम्मेच, कारण अनेक कुरिअरच्या अटींत चित्रे आणि काच भरपाईतून वगळलेली असतात. त्या अटी मंच चालवणाऱ्यांनी आधी वाचाव्यात.

पैशांचा हिशेब कलावंताला नोंद करतानाच दिसायला हवा. समजा चित्राची किंमत ६,००० रुपये आहे आणि पाठवणी त्यातच धरली आहे. मंचाचे कमिशन १२ टक्के म्हणजे ७२०. पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीचे २ टक्के आणि त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी, मिळून साधारण १४२. पॅकिंग ३००, कुरिअर ४००. हातात राहतात ४,४३८, आणि त्यातून रंग-कॅनव्हास जायचे आहे. अडीचशे रुपयांच्या पणत्यांच्या जोडीला तर शंभराचे कुरिअर परवडतच नाही. अशा वस्तूंना हजार रुपयांची किमान ऑर्डर ठेवावी, किंवा तालुक्याच्या गावी एखाद्या दुकानातून नेण्याची सोय करावी.

गिऱ्हाइकाचे पैसे मंचाने स्वतःच्या बचत खात्यात घेऊन मग वाटू नयेत. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या पेमेंट कंपन्या आहेत, त्या कमिशन आणि कलावंताचा वाटा परस्पर वेगळा करतात. जीएसटीबाबत एक तरतूद आपल्या भागाला विशेष लागू पडते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या माणसालाही ऑनलाइन मंचावरून वस्तू विकता येतात. अटी अशा: उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत, जी महाराष्ट्रात वस्तूंसाठी ४० लाख आहे, पॅनवरून जीएसटी पोर्टलवर घेतलेला क्रमांक, आणि विक्री राज्यातल्या राज्यातच. अडते ते या शेवटच्या अटीवर. उदगीरच्या चित्रकाराला बीदरचे गिऱ्हाईक मुंबईपेक्षा कितीतरी जवळचे, देगलूरला तेलंगणाची बाजारपेठ उंबऱ्याशी. पण मंचावरून पाठवायचे म्हटले की ते परराज्य. म्हणून नोंदणी नसलेल्या कलावंताच्या वस्तूंची ऑर्डर घेताना पिनकोड तपासणे सॉफ्टवेअरमध्येच हवे. महाराष्ट्राचे पिनकोड ४० ते ४४ ने सुरू होतात, पण त्यातला ४०३ गोव्याचा आहे. पहिले दोनच आकडे तपासणारा प्रोग्राम तिथे फसतो. परराज्यात विकायचेच असेल तर कलावंताने नोंदणी घ्यावी, किंवा नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेने वस्तू आधी विकत घेऊन आपल्या नावाने विकावी. दुसऱ्या मार्गाला खेळते भांडवल लागते. करांचे दर सॉफ्टवेअरमध्ये पक्के कोरून ठेवू नयेत. हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तसा तो पुन्हाही बदलू शकतो.

हक्कांबद्दल प्रत्येक पावतीवर दोन ओळी छापाव्यात. चित्र विकत घेतले म्हणजे ते कॅलेंडरवर, पत्रिकेवर किंवा दुकानाच्या पाटीवर छापायचा हक्क मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तयार चित्राचा तो हक्क लेखी दिल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतो; पैसे घेऊन मागणीवरून काढलेल्या चित्राचा मात्र, वेगळा करार नसेल तर, मागणी करणाऱ्याकडे जातो. लेखी देतानाही मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. मागणीवरून काढायच्या चित्रांना, विशेषतः व्यक्तिचित्रांना, टप्पे ठरवून द्यावेत: चाळीस टक्के आगाऊ, कच्च्या रेखाटनाला लेखी होकार, दोन बदल फुकट, तिसऱ्यापासून पैसे, उरलेली रक्कम पाठवणीपूर्वी. ‘आजोबांचे नाक असे नव्हते’ हा वाद रेखाटनाच्या टप्प्यावर झालेला बरा.

मंचाला नुसते दुकान व्हायचे नसेल तर माणसांना एकमेकांशी बोलता आले पाहिजे. प्रत्येक वस्तूखाली प्रश्न विचारायची जागा असावी आणि कलावंताला आवाजात उत्तर देता यावे. मागावर बसलेल्याला किंवा तांड्यावर भरतकाम करणाऱ्या बाईला टंकायला सांगण्यापेक्षा मिनिटभर बोलायला सांगा. एकदा दिलेले उत्तर वस्तूखाली कायम राहिले की तोच प्रश्न पुन्हा येत नाही. पाच ताऱ्यांचे गुणांकन मात्र इथे निरुपयोगी आहे. वर्षाला चार चित्रे विकणाऱ्याला एकाने रागाने एक तारा दिला की त्याचे नाव बुडाले. त्यापेक्षा मोजता येणारे दाखवावे: वेळेवर पाठवले का, माप नोंदीप्रमाणे होते का, प्रश्नाला किती तासांत उत्तर मिळाले. तक्रारीसाठी एका माणसाचे नाव आणि फोन पानावर असावा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात करायचे असते. ‘संपर्क करा’च्या अर्जामागे कोणी बसलेलेच नाही, असे तिथे चालत नाही.

खाते फक्त मोबाइल नंबरावर उघडू नये. रिचार्ज थांबला की काही महिन्यांनी नंबर बंद होतो आणि दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग कलावंताच्या खात्याचा ओटीपी त्या अनोळखी माणसाकडे जातो. एका घराला दोन नंबर जोडावेत आणि बँक खाते बदलायचे असेल तर दोन्हींकडून होकार घ्यावा. बहुतेक घरांत मोबाइल मुलगा किंवा सून चालवते आणि काम बाप करतो, हे धरूनच चालावे.

सुरुवात आठही जिल्ह्यांत एकदम करू नये. एक जिल्हा, चाळीस कलावंत, प्रत्येकाच्या पाच वस्तू, म्हणजे दोनशे नोंदी. मापपट्टी, पांढरा कागद आणि मोबाइल घेऊन घरोघर फिरणारा एक माणूस दिवसाला आठ-दहा नोंदी करतो, म्हणजे महिन्याभराचे काम. कला महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना हे काम पगारी द्यावे, मानधनावर नको. तुळशीच्या लग्नानंतर साड्यांचे आणि भेटवस्तूंचे गिऱ्हाईक सुरू होते, तेव्हा या नोंदी दिवाळीआधी तयार असाव्यात. ॲप काढायची घाई नको. मोबाइलवर नीट उघडणारे पान आणि व्हॉट्सअ‍ॅपची जोड पहिल्या वर्षाला पुरते. निधीतला मोठा वाटा बहुधा ॲप आणि उद्घाटनावर जातो. तो या फिरणाऱ्या माणसाच्या पगाराकडे आणि त्याच्या पेट्रोलकडे वळवावा, एवढी मागणी या पत्राद्वारे करत आहोत.

आपले,
कलावस्तूंची नोंद आणि विक्रीव्यवस्था यांचे काम करणारे काही वाचक,
छत्रपती संभाजीनगर